बंद पडलेली फटफटी आणि तिचे दोन कार्ब्युरेटर
(गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पासमोर बोलायला उभे राहणाऱ्याने अध्यात्मावर, आरोग्यावर नाहीतर संस्कारांवर बोलावे, अशी आपल्याकडची रीत आहे. यंदा मंडळाने आम्हाला सांगितले की तुम्ही ती जुनी राजदूत कशी सुरू केली, तेवढेच सांगा. आम्ही तिघे जण आहोत. तिघेही नोकरदार. एकाने कधीकाळी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, दुसऱ्याच्या हाताला सफाई आहे आणि तिसऱ्याकडे धीर आहे. बोलणारा एक असला तरी काम तिघांचे, म्हणून आज सगळे 'आम्ही' असेच सांगणार आहोत.

आपल्या लोधीखेड्यात, सौंसरला, रामाकोन्याला, पांढुर्ण्याला, कुठल्याही आळीत जा. चार घरांमागे एका घराच्या कोठ्यात ताडपत्रीखाली एक फटफटी उभी दिसेल. राजदूत, येझदी, बुलेट, नाहीतर आरएक्स शंभर. वडिलांची, आजोबांची, काकांची. पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, दसऱ्याला चालत्या गाडीला झेंडूची माळ घालतो. उभ्या गाडीकडे मात्र कुणी बघत नाही. मग एक दिवस कबाडी येतो आणि ती किलोच्या भावाने घेऊन जातो. घरचे म्हणतात, इंजिन गेले होते. बहुतेक वेळा इंजिन गेलेले नसते. पेट्रोलच्या वाटेतली काही बारीक भोके बंद झालेली असतात. आजचे भाषण त्या भोकांचे आहे.

आमच्याकडे आली ती राजदूत 350. तरुणांना माहीत नसेल म्हणून थोडे सांगतो. जपानच्या यामाहा कंपनीची आरडी 350 ही गाडी 1973 मध्ये परदेशात गाजली. तिचाच भारतीय अवतार एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 पासून आपल्याकडे बनवला. 347 सीसीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर आणि दोन सिलिंडरला दोन स्वतंत्र कार्ब्युरेटर. मूळ जपानी गाडीची ताकद 39 अश्वशक्ती होती. आपल्याकडे ती कमी करून आधी साधारण 30 आणि नंतरच्या मॉडेलमध्ये 27 च्या आसपास ठेवली. पुढचा डिस्क ब्रेक जाऊन ड्रम आला. तरीही त्या काळात तिच्या जवळपास येईल अशी गाडी रस्त्यावर नव्हती. 1983 च्या 'हीरो' सिनेमात जॅकी श्रॉफ हिच्यावर बसला आणि पोरे वेडी झाली. पण किंमत जास्त, पेट्रोलची भूक मोठी, सुटे भाग महाग. 1990 च्या सुमारास ती बनायची बंद झाली.

ही गाडी एका संत्रा बागायतदाराची. ते गेले, आणि गाडी जवळजवळ अठरा वर्षे कोठ्यात उभी राहिली. संत्र्याचा बहर त्या साली हातचा गेला होता. मुलगा म्हणाला, "कबाडी वजनाने मागतो आहे, नागपूरचा एक जण चालू असेल तर बरे पैसे देतो म्हणतो. काय करू?" आई काहीच बोलत नव्हती. आम्ही म्हणालो, विकायची की ठेवायची हा तुमच्या घरचा विषय आहे. पण निर्णय चालू गाडीबद्दल घ्या, बंद गाडीबद्दल नको. दोन महिने द्या.

सगळ्यात आधी स्पार्क प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडले, दोन दिवस तसेच ठेवले आणि मग हळूच किक दाबून पाहिली. पिस्टन हलले. म्हणजे इंजिन जाम नव्हते. ठिणगीही मिळाली. आता उरले पेट्रोल.

कार्ब्युरेटर काय करतो हे समजून घ्यायला डास मारायचा हाताचा जुना पंप आठवा. नळकांड्यातून जोरात हवा जाते, तिच्या वाटेत औषधाच्या नळीचे तोंड असते. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे औषध आपोआप वर ओढले जाते आणि त्याचा फवारा होतो. कार्ब्युरेटरचेही तत्त्व तेच. मधली वाट अरुंद केलेली असते. तिला व्हेंचुरी म्हणतात, व्हेंचुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञावरून. खाली एक वाटी, तिच्यात पेट्रोल आणि वर तरंगणारा फ्लोट. पेट्रोल ठराविक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो आणि बारीक सुईसारखी झडप तोंड बंद करते. आपल्या घराच्या टाकीतला तरंगता गोळा करतो तेच काम.

आता पेट्रोल वर यायचे तीन मार्ग आहेत. गाडी जागेवर उभी असताना आणि ॲक्सिलरेटर पाव फिरवेपर्यंत मुख्य काम पायलट जेटचे. पावपासून पाऊणपर्यंत वरखाली होणाऱ्या निमुळत्या सुईचे, म्हणजे नीडलचे. त्याच्या पुढे मेन जेटचे. हे एकदा लक्षात ठेवले की निम्मे निदान घरीच होते. गाडी जागेवर मरते पण रेस दिली की पळते, तर दोष पायलटमध्ये शोधावा. जागेवर छान चालते पण चढावर पूर्ण रेस दिली की गुदमरते, तर मेन जेट पाहावा किंवा टाकीतून पेट्रोल पुरेसे येते का ते पाहावे.

मग गाडी उभी राहिली की बिघडते काय? पेट्रोल म्हणजे पाणी नव्हे, ते टिकत नाही. वाटीतले पेट्रोल हळूहळू उडून जाते. मागे राहते ते हवेतल्या प्राणवायूशी मिळून घट्ट होते, आधी मधासारखे आणि मग वॉर्निशसारखे. वास तारपीन आणि शिळे तेल यांच्या मधला. टाकीच्या आत दमट हवेने गंज चढतो आणि त्याची भुकटी खाली येते. तिसरी गोष्ट पितळेची. जेट पितळेचे असतात.

पितळेबद्दल आपल्या गावाला आम्ही काय सांगावे! तांब्या-पितळेची भांडी घडवण्यासाठी लोधीखेडा ओळखले गेले. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे इथल्या आजीला विचारा. आंबट आणि दमट मिळाले की तांबे हिरवे पडते. जुन्या, आंबलेल्या पेट्रोलात नेमके तेच होते. पाव मिलिमीटरच्या भोकात तो हिरवा थर बसला तर बाकी काय उरणार?

आता कामाकडे येऊ. पहिला नियम असा की खोलण्याआधी फोटो काढा. केबल कुठून गेली, पाइप कुठे बसतो, सगळ्याचे फोटो. दुसरा नियम, दोन ताटे घ्या. एकावर 'डावा' लिहा, दुसऱ्यावर 'उजवा'. दोन कार्ब्युरेटर दिसायला सारखे असले तरी त्यांचे भाग एकमेकांत मिसळायचे नाहीत. इतकी वर्षे जी सुई ज्या नळीत वरखाली झाली, तिची झीज त्या नळीशीच जुळते. तिसरा नियम, घट्ट बसलेल्या स्क्रूशी कुस्ती खेळायची नाही. ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, तोंडात बरोबर बसेल असाच पेचकस घ्या आणि वरून दाब देऊन फिरवा. तोंड झिजलेला स्क्रू हा अर्ध्या दिवसाचा खर्च असतो.

दोन्ही वाट्या उघडल्या तेव्हा उजवीत तळाला काळपट गोंद होता. डावीत गोंद कमी, पण पांढरी-हिरवी भुकटी जास्त. म्हणजे डाव्या बाजूला पाणी उतरले होते. जेट बाहेर काढले आणि भिंगाखाली धरले तेव्हा खरी गोष्ट कळली. दोन्ही मेन जेटवरचे आकडे वेगळे होते. गाडी चालत होती त्या काळात कुणीतरी एक जेट बदलला होता, हाती आला तो लावून. शिवाय डाव्या पायलट जेटच्या भोकाला ओरखडे होते, म्हणजे कुणीतरी त्यात लोखंडी तार घातली होती.

तरुण मित्रांनो, इथे थोडे थांबू, कारण बहुतेक गाड्या इथेच बिघडतात. तार घातल्याने काय होते याचा हिशेब करा. भोक पाव मिलिमीटरचे, म्हणजे 0.25. तारेने खरवडून ते 0.28 झाले. फरक डोळ्याला दिसत नाही. पण पेट्रोल जाते ते भोकाच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. 28 चा वर्ग 784, 25 चा वर्ग 625. म्हणजे वाट जवळपास सव्वापट झाली. एक सिलिंडर जास्त पेट्रोल पिऊ लागला आणि प्लग काळा पडू लागला.

उलट बाजू जास्त धोक्याची आहे. ज्या सिलिंडरला पेट्रोल कमी पोचते तिथले मिश्रण कोरडे होते. मिस्त्री त्याला 'लीन' म्हणतात. कोरडे मिश्रण जास्त गरम जळते, पिस्टन फुगतो आणि जाम होतो. चालत्या गाडीचे मागचे चाक त्या क्षणी लॉक होऊ शकते. म्हणून दोन कार्ब्युरेटरच्या गाडीत नुसती सफाई पुरत नाही. दोघांनी सारखेच वाटप केले पाहिजे.

सफाईसाठी गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. सर्वांत जास्त मिळालेला सल्ला म्हणजे "चिंच लावा, लख्ख होईल." भांड्यासाठी हा सल्ला सोन्यासारखा आहे. पण कार्ब्युरेटरचे अंग पितळेचे नसते. ते जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओतीव असते. चिंच, लिंबू, टॉयलेट साफ करायचे ॲसिड, यांपैकी काहीही त्याला खाते. आतली बारीक वाट एकदा खरबरीत झाली की झाली. आम्ही सगळे रबर काढून ठेवले आणि ओतीव अंग व जेट कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवले. काही जागा दोनदा, काही तीनदा. मग प्रत्येक वाटेतून हवा मारली. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलच्या दुकानातला पंपही चालतो, पण डोळ्यांवर चष्मा हवाच. फवारा कुठल्या भोकातून घातला आणि कुठल्या भोकातून बाहेर आला हे पाहायचे. बाहेर आला नाही तर वाट अजून बंद आहे. हट्टी भोकासाठी विजेच्या मऊ वायरमधला तांब्याचा एकच धागा वापरावा. तांबे पितळेपेक्षा मऊ, ते पितळेला ओरखडत नाही. खरवडलेला पायलट जेट आणि वेगळ्या आकड्याचा मेन जेट आम्ही बदलले. बाकी सगळे मूळचेच ठेवले. नव्या चमकणाऱ्या नकली कार्ब्युरेटरपेक्षा झिजलेला का होईना, मूळ कार्ब्युरेटर दुरुस्त करणे आम्हाला बरे वाटले. आतल्या वाटा मूळ मापाच्या असतात आणि जुन्या गाडीची किंमतही त्यानेच टिकते.

आता फ्लोट. या गाडीचे फ्लोट पितळी, आतून पोकळ. डावा हलवला तर आत पेट्रोल डुचमळत होते. छिद्र शोधायला तो गरम पाण्यात बुडवला. आतली हवा तापून फुगते आणि छिद्रातून बुडबुडे येतात. छिद्र सापडले, पण लगेच डाग द्यायला बसायचे नाही. आत पेट्रोल किंवा त्याची वाफ असताना तापवले तर फ्लोट हातात फुटेल. पेट्रोल पूर्ण निघेपर्यंत आणि आत वासही राहणार नाही इतके सुकेपर्यंत आम्ही थांबलो.

मग गेलो गावातल्याच एका वयस्कर कारागिराकडे. त्यांनी आयुष्यभर घागरी आणि बंब केले. फ्लोट हातात घेऊन म्हणाले, "येवढीशी घागर कुणाची?" आम्ही सांगितले, काका, डाग दिसेल न दिसेल इतकाच द्या. धातू जास्त बसला तर फ्लोट जड होईल, उशिरा उचलला जाईल आणि पेट्रोल वाहील. त्यांनी डाग दिला, कानशीने घासला, पुन्हा गरम पाण्यात बुडवून स्वतः पाहिले. आम्ही दोन्ही फ्लोट सोनाराच्या काट्यावर तोलले. फरक नावापुरता होता. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. म्हणाले, "सुरू झाली की दारावरून न्या." मोटारसायकलीच्या दुरुस्तीत आपल्या गावची पिढीजात विद्या अशी कामाला येईल असे आम्हालाही वाटले नव्हते.

जोडणीच्या वेळी गॅस्केट, ओ-रिंग, झडपेच्या सुया नव्या घातल्या. फ्लोटची उंची मॅन्युअलच्या मापाने दोन्हीकडे सारखी लावली. एअर स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत नेऊन दीड फेरा बाहेर काढले. हा नुसता आरंभबिंदू, नेमके जमवणे इंजिन गरम झाल्यावर. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यातले रबर तडकलेले होते, तेही बदलले. तिथून चोरून हवा शिरली तर मिश्रण पुन्हा कोरडे होते आणि केलेली सगळी सफाई वाया जाते.

मग दोन्हींची जुळणी. या गाडीत ॲक्सिलरेटरची एकच केबल पुढे जाऊन तिघांत वाटली जाते. दोन केबल दोन कार्ब्युरेटरला आणि तिसरी ऑइल पंपाला, कारण या गाडीत टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने इंजिनात जाते. दोन्ही कार्ब्युरेटरचे सरकते दट्टे एकाच क्षणी उचलले गेले पाहिजेत. आम्ही एकाच मापाच्या दोन ड्रिल बिटचे गुळगुळीत दांडे दोन्ही दट्ट्यांखाली ठेवले आणि ॲक्सिलरेटर अगदी हळू फिरवला. एक दांडा आधी सैल झाला, दुसरा नंतर. केबलचा नट थोडा थोडा फिरवत दोन्ही दांडे एकदम पडेपर्यंत हेच केले. त्यात एक अख्खा रविवार गेला. त्यानंतर ऑइल पंपाची खूण जुळवली आणि नळीतली हवा काढली. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या पंपावर पहिल्याच दिवशी विसंबायचे नाही, म्हणून सुरुवातीला पेट्रोलमध्येही लिटरला 30 मिलि ऑइल मिसळले. गंजलेली टाकी जोडलीच नाही. सलाइनच्या बाटलीसारखी एक छोटी बाटली वर टांगली आणि तिच्यातून ताजे पेट्रोल दिले.

अकराव्या किकला एक सिलिंडर बोलला. थोड्या वेळाने दुसराही. अंगण निळ्या धुराने भरले. दोन्ही सायलेन्सरच्या मागे एकेक तळहात धरला. डाव्या हाताला फटका थोडा कमी लागत होता, तो स्क्रूने जमवला. पंधरा मिनिटांनी आवाज एकसारखा झाला. दुसऱ्या आठवड्यात प्लग काढून पाहिले. दोन्हींचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा होता. आम्हाला पाहिजे ते प्रमाणपत्र मिळाले. गाडी त्या काकांच्या दारावरून नेली, हे वेगळे सांगायला नको.

आता पुढची काळजी, कारण सुरू केलेली गाडी पुन्हा उभी राहिली तर हेच चक्र फिरेल, आणि आता जास्त वेगाने. 2023 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आहे. उसाचा आणि मक्याचा शेतकरी त्यात आहे, म्हणून त्याबद्दल भांडायचे नाही. पण जुन्या गाडीच्या मालकाने तीन गोष्टी ओळखाव्यात. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि पाणी जास्त झाले की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. वाटीचा तळ म्हणजे नेमकी मेन जेटची जागा. दुसरे, जुने रबर आणि पाइप इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. तिसरे, एक किलो पेट्रोल जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला 9 किलोच पुरते. म्हणजे जुन्या जेटमधून पूर्वीइतकेच इंधन गेले तर मिश्रण थोडे कोरडेच राहते. त्यामुळे प्लगचा रंग पाहत राहावे आणि गरज पडली तर जेट एक आकडा मोठा घ्यावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीचा तळाचा स्क्रू उघडा आणि ती रिकामी करा. काम दोन मिनिटांचे. अठरा वर्षांच्या गोंदावर याहून स्वस्त औषध नाही.

कागदांचेही बोलतो. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, मग तपासणी करून 5-5 वर्षांनी वाढवावी लागते. केंद्राने 2021 मध्ये 'व्हिंटेज' गाड्यांसाठी वेगळे नियम केले, पण त्यासाठी गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. 1983 ची राजदूत त्या हिशेबाने 2033 पर्यंत व्हिंटेज नव्हेच. तोवर नेहमीच्या नियमानेच नोंदणी, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र. घरातले जुने आरसी बुक फेकू नका. गाडी मिळते, हरवलेला कागद मिळवताना दमछाक होते.

शेवटची गोष्ट तरुणांसाठी. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. आज मिस्त्रीचे काम शिकणारा मुलगा लॅपटॉप लावायला शिकतो, जेट वाचायला शिकत नाही. त्यात त्याचा दोष नाही. पण आपल्या भागात अजून शेकडो कार्ब्युरेटरच्या गाड्या आहेत, शेतातली फवारणी यंत्रे आहेत, पाण्याची छोटी इंजिने आहेत. ती दुरुस्त करणारी माणसे सत्तरीला आली आहेत. त्यांच्याजवळ दोन-चार रविवार बसा. दिवाळीनंतर आम्ही तिघे दर रविवारी सकाळी बसणार आहोत. ज्याच्या कोठ्यात बंद गाडी आहे त्याने ती आणावी, सोबत दोन ताटे आणि एक भिंग आणावे. लोखंडी तार मात्र घरीच ठेवावी.

त्या मुलाने गाडी विकली का, हे मघापासून काही जण विचारत आहेत. नागपूरचा गिऱ्हाईक आला होता. भावही बरा सांगितला. मुलगा आईला विचारायला आत गेला आणि परत येऊन म्हणाला, "या सालचा बहर पाहू, मग सांगतो." तेव्हापासून गाडी कोठ्यातून ओसरीवर आली आहे आणि ताडपत्री संत्र्याच्या ढिगावर गेली आहे.

 गणपती बाप्पा मोरया!